उरलेल्यांपैकी दोन पंचमांश: आधी ‘कोणाचे?’ ते विचारा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सातवीत. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. तिला घरी करायला दिलेलं गणित आईने मराठीत उतरवून पाठवलं आहे: ‘एका बागायतदाराने पाडलेल्या नारळांपैकी १/३ नारळ बाजारात विकले. उरलेल्यांपैकी २/५ खोबऱ्यासाठी फोडले. शेवटी २४० नारळ उरले. तर एकूण किती नारळ पाडले होते?’ मुलीचं उत्तर ९०० आलं, पुस्तकाच्या मागे ६०० आहे. आई विचारते, ‘पायऱ्या तर सगळ्या बरोबर दिसतात, मग चुकलं कुठे? आणि मी सगळं शिक्षण मराठीतून घेतलेली. तिचं इंग्रजीतलं गणित मी कसं समजावणार?’

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला. त्याचं उत्तर आधी एका ओळीत सांगते: हे गणित तुम्ही मराठीत उतरवलंत ना, तिथेच ते निम्मं सुटलं होतं. कसं, ते पुढे येईलच.

आधी तिचं ९०० कसं आलं ते बघू. तिने १/३ आणि २/५ यांची बेरीज केली असणार. छेद समान करून ५/१५ अधिक ६/१५, म्हणजे ११/१५. उरले ४/१५. ते २४० आहेत, म्हणजे एक पंधरांश ६० आणि पंधरा पंधरांश ९००. बेरीज चोख, भागाकार चोख. मी तीसेक वर्षं सत्तरी आणि डिचोलीतल्या शाळांत गणित शिकवलं, त्यात ही चूक इतक्या वह्यांत पाहिली की वही उघडायच्या आधी उत्तर सांगू शकेन. ही चूक हुशार मुलं जास्त करतात. ज्यांना अपूर्णांकांची बेरीज येत नाही ती अडखळून थांबतात. ज्यांना येते ती बेरीज दिसली की तिच्यावर झडप घालतात.

आणि ९०० हा आकडा दिसायलाही साळसूद आहे. उत्तर ८७३ पूर्णांक काहीतरी आलं असतं तर ती स्वतःच थबकली असती. म्हणून पहिली सवय लावायची ती ताळ्याची. तिला म्हणावं, ९०० नारळ घे आणि गोष्ट पुन्हा चालव. एक तृतीयांश विकले, ३०० गेले, ६०० उरले. या ६०० पैकी दोन पंचमांश, म्हणजे २४० फोडले. उरले ३६०. पण गणित तर म्हणतं २४० उरले. आता ६०० घेऊन चालव: २०० गेले, ४०० उरले, त्यातले १६० फोडले, उरले २४०. जुळलं. ताळा करताना ती ‘या ६०० पैकी’ असं आपोआप म्हणेल आणि बहुधा तिथेच तिच्या लक्षात येईल की बेरीज करताना आपण हे म्हटलंच नव्हतं.

तिने दोन वेगवेगळ्या ढिगांचे तुकडे एकाच ढिगाचे समजून मिळवले. पहिला १/३ हा सगळ्या नारळांचा आहे. दुसरा २/५ सगळ्यांचा नाही, विक्रीनंतर अंगणात उरलेल्या लहान ढिगाचा आहे. अपूर्णांक एकटा कधीच नसतो. तो कोणाचा तरी असतो. ‘अर्धा’ म्हटलं की लगेच विचारायचं, कशाचा अर्धा? भाकरीचा की गावाचा?

इथे तुमच्या मराठीचा मुद्दा येतो. मराठीत आपण म्हणतो ‘उरलेल्यांपैकी दोन पंचमांश’. आधी मालक, मग तुकडा. इंग्रजीत तेच ‘टू फिफ्थ्स ऑफ द रिमेनिंग कोकोनट्स’ असं येतं: आधी तुकडा, मग मालक. मुलाचे डोळे आकड्यावर पडतात, हात कामाला लागतो आणि मागून आलेलं ‘ऑफ द रिमेनिंग’ शेपटासारखं लोंबत राहतं. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचं असंच असतं, चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि पाचवीत एकदम इंग्रजी. गणित त्यांना येत असतं, वाक्य निसटतं. म्हणून तिला एकच सांगा: इंग्रजीतलं गणित वाचून झालं की ते आईला मराठीत सांगायचं, पेन हातात न घेता. कोकणीत सांगितलं तरी तेवढंच चांगलं. तुम्ही फक्त ऐकायचं आणि प्रत्येक अपूर्णांकाला मध्येच तोडून विचारायचं, ‘कोणाचे?’ एवढ्यासाठी तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही.

शब्दांकडे मात्र लक्ष असू द्या. उरलेले, राहिलेले, शिल्लक, बाकी, शेष हे सगळे एकाच घरचे. पण ‘उरलेल्यांपैकी २/५ फोडले’ आणि ‘उरलेले नारळ देवळात दिले’ यांत फरक आहे. दुसऱ्यात उरलेले सगळेच गेले, तिथे अपूर्णांक नाही. परीक्षेत हे दोन्ही एकाच गणितात येतात आणि मुलं शेवटच्या ‘उरलेले’लाही मागचाच अपूर्णांक लावून मोकळी होतात. काही वेळा गणित काढणाऱ्याचंच वाक्य ढिलं असतं: ‘१/३ विकले, नंतर २/५ फोडले.’ कोणाचे, ते सांगितलेलंच नाही. अशा वेळी मी एकूणाचे धरायला सांगायची. ‘उरलेल्यांचे’ हवे असतील तर तसं लिहिण्याची जबाबदारी प्रश्न काढणाऱ्याची.

आता कागदावरचं काम थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तिला एक गोष्ट सांगा. जत्रेतून खाजं आणलंय. बारा तुकडे आहेत, घरात चार मुलं. पहिला येतो आणि एक चतुर्थांश घेतो: तीन तुकडे. उरले नऊ. दुसरी येते, ती उरलेल्यातला एक तृतीयांश घेते. तिसरा उरलेल्यातला अर्धा घेतो. चौथीला जे राहिलं ते सगळं. भांडण होईल का? १/४, १/३, १/२ आणि पूर्ण! ऐकायला वाटतं की शेवटच्या मुलीची चैन झाली. मोजून बघा: नवाचा तिसरा हिस्सा तीन, उरले सहा, सहाचा अर्धा तीन, उरले तीन. प्रत्येकाला तीन-तीनच मिळाले. ढीग लहान होत गेला, म्हणून तेवढ्याच तुकड्यांसाठी अपूर्णांक मोठा होत गेला.

माझ्या अनुभवात या एका गोष्टीने जे काम होतं ते फळ्यावरच्या दहा उदाहरणांनी होत नाही. वर्गात मी खडूचे तुकडे घेऊन हे करायची. खाजं आणलं असतं तर गणित संपायच्या आत बारा तुकडे संपले असते. ही गोष्ट पक्की बसली की लगेच हे विचारा: वाळपईहून म्हापशाला निघालेल्या बसमधले १/४ प्रवासी साखळीला उतरले, उरलेल्यांपैकी १/३ डिचोलीला, उरलेल्यांपैकी अर्धे अस्नोड्याला. वाटेत कोणी चढलं नाही. म्हापशाला १२ जण पोचले. सुटताना बसमध्ये किती होते? खाजं आठवलं तर ती कागद न घेता ४८ म्हणेल. प्रत्येक थांब्यावर बाराच उतरले.

आता पद्धत. तुमच्या गणितासाठी एक लांब कागदी पट्टी घ्या. छेद ३ आणि ५ आहेत, त्यांचा गुणाकार १५. पट्टीवर १५ सारखे चौकोन आखा. एक तृतीयांश म्हणजे ५ चौकोन, ते पेन्सिलने रंगवा: हे बाजारात गेले. उरले १०. आता पट्टीचा रंगवलेला भाग मागे दुमडून टाका, अगदी दिसेनासा करा. दुमडणं महत्त्वाचं आहे. नुसतं रंगवून सोडलं तर मुलाची नजर पुन्हा पंधरा चौकोनांकडे जाते. आता समोर दहाच आहेत, त्यांचे दोन पंचमांश म्हणजे ४. ते रंगवा आणि दुमडा. उरले ६ चौकोन. हे ६ चौकोन म्हणजे २४० नारळ, एक चौकोन ४० चा, पंधरा चौकोन ६००.

पट्टीचा खरा फायदा पुढे दिसतो. हेच गणित परीक्षक फिरवून विचारतो: शेवटी किती उरले ते न सांगता म्हणतो, ‘खोबऱ्यासाठी फोडलेले नारळ विकलेल्यांपेक्षा ४० ने कमी होते.’ शेवटाकडून यायची सवय असलेलं मूल इथे गडबडतं, कारण शेवट दिलेलाच नाही. पट्टीवाल्याला काहीच फरक पडत नाही. विकलेले ५ चौकोन, फोडलेले ४, फरक एका चौकोनाचा, तो ४०. पंधरा चौकोन ६००. किंवा ‘१६० फोडले’ एवढंच दिलं: ४ चौकोन १६०, एक चौकोन ४०. संपलं. कुठलाही धागा हाती दिला तरी पट्टी तीच.

पट्टी काढायला वेळ नसेल तेव्हा आकडेमोडीची रीत वापरायची. तिचं सूत्र इतकंच की गेलेल्याकडे बघायचं नाही, राहिलेल्याकडे बघायचं. एक तृतीयांश गेला म्हणजे दोन तृतीयांश राहिला. त्यातला दोन पंचमांश गेला म्हणजे त्यातला तीन पंचमांश राहिला. दोन तृतीयांशाचा तीन पंचमांश: २/३ गुणिले ३/५ बरोबर २/५. एकूण नारळांचे दोन पंचमांश म्हणजे २४०, म्हणून एक पंचमांश १२०, एकूण ६००. ‘चा’ आला की गुणाकार, हे मराठीने आपल्याला आयतं दिलेलं आहे. पाढे म्हणणाऱ्या जुन्या पिढीला तर हे जिभेवर होतं. पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढेच. आणि ‘पाऊण’ हा शब्द बघा: मूळचा पाद-ऊन, म्हणजे पाव कमी. पाव गेला की जे राहतं त्याला आपण वेगळं नावच देऊन ठेवलं आहे. मुलीला सांगा की प्रत्येक अपूर्णांक वाचताना मनात त्याचा राहिलेला जोडीदार म्हणायचा. १/४ गेला, ३/४ राहिला. ३/७ गेले, ४/७ राहिले. पहिल्या दिवशी नुसता हाच खेळ खेळा.

क्रम बदलला तर काय होईल, हे तिला करून बघू द्या. आधी ६०० पैकी २/५ फोडले, मग उरलेल्यांपैकी १/३ विकले: ३६० उरले, मग २४०. शेवट तोच! फोडलेले-विकलेले आकडे बदलले, पण राहिलेले बदलले नाहीत, कारण गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. मुलांना याचं फार नवल वाटतं. दुकानातल्या सुटीचंही हेच आहे. गणेशचवथीच्या आधी हजाराच्या साडीवर २० टक्के सूट आणि बिलावर आणखी १० टक्के. तीस टक्के नव्हेत. हजाराचे ८००, आणि ८०० चे १० टक्के गेले की ७२०. एकूण सूट २८ टक्के. दुकानदार कुठली सूट आधी लावतो याने तुमचं बिल बदलत नाही.

आता उलट्या दिशेने. शेवटच्या २४० पासून मागे जायचं असेल तर मुलं आणखी एक चूक करतात, आणि ती बेरजेच्या चुकीपेक्षा चिवट आहे. २/५ गेले होते ना, मग २४० चे २/५ परत घालूया, असं म्हणतात. २४० चे २/५ म्हणजे ९६, मिळून ३३६. चूक! गेलेले २/५ हे आधीच्या मोठ्या ढिगाचे होते, आणि आपण परत घालतोय लहान ढिगाचे. पुन्हा तोच प्रश्न: कोणाचे? बरोबर विचार असा: २४० हे आधीच्या ढिगाचे ३/५ आहेत. तीन भाग २४०, एक भाग ८०, पाच भाग ४००. मग ४०० हे सगळ्यांचे २/३. दोन भाग ४००, एक भाग २००, तीन भाग ६००.

याची एक जुनी युक्ती आहे, ती हातात असलेली बरी. गेलेला भाग परत घालताना छेदातून अंश वजा करायचा आणि तो नवा छेद करायचा. २/५ गेले होते? ५ वजा २ म्हणजे ३. मग आहेत त्याचे २/३ परत घाला: २४० चे २/३ म्हणजे १६०, झाले ४००. १/३ गेला होता? ३ वजा १ म्हणजे २. आहेत त्याचा १/२ परत घाला: २००, झाले ६००. ही रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. ग्रंथ ११५० सालचा. तिथे हा सगळा गणितप्रकारच ‘शेषजाति’ या नावाने वेगळा दिला आहे. म्हणजे तुमची मुलगी ज्याला अडली आहे ती अडचण निदान पावणेनऊशे वर्षं जुनी आहे.

तिथलं उदाहरण मला कायम आवडत आलंय. एक यात्रेकरू आपल्या धनाचा अर्धा भाग प्रयागला दान करतो. उरलेल्याचा २/९ काशीला. उरलेल्याचा १/४ वाटेतल्या जकातीला. उरलेल्याचा ६/१० गयेला. ६३ निष्क (त्या काळची नाणी) घेऊन घरी येतो. निघताना किती होते? राहिलेले जोडीदार घ्या: १/२, ७/९, ३/४, ४/१०. गुणाकार ७/६०. साठाचे सात म्हणजे ६३, एक म्हणजे ९, साठ म्हणजे ५४०. सरळ. पण पायरीपायरीने मागे गेलात तर पहिल्याच पायरीवर ६३ हे ४/१० असताना मूळ १५७ १/२ येतात, आणि इथे कित्येक मुलं ‘चुकलं वाटतं’ म्हणून सगळं खोडून टाकतात. चुकलेलं नाही. पुढे तेच ३/४ आहेत म्हणून २१०, ते ७/९ म्हणून २७०, आणि दुप्पट ५४०. मधली रक्कम अपूर्णांकात आली म्हणून काही बिघडत नाही. नाण्यांचे भाग पडतात. नारळाच्या, प्रवाशांच्या किंवा मुलांच्या गणितात मध्ये अर्धा आला तर मात्र थांबून मागे बघायचं. अर्धा प्रवासी डिचोलीला उतरत नाही.

त्याच ग्रंथातली पट्टीसारखी रीत म्हणजे इष्टकर्म: मनाला येईल ती सोयीची संख्या धरायची, गोष्ट चालवायची, आणि शेवटी खरं उत्तर किती पट आहे ते बघायचं. आपण पंधरा चौकोन धरले ते तेच. यात्रेकरूसाठी छेदांचा गुणाकार ७२० धरा: ३६०, २८०, २१०, ८४ उरतात. खरे उरलेत ६३, म्हणजे ८४ चा पाऊण. मग ७२० चा पाऊण, ५४०. इथे एक अट आहे: गणितात ‘आणखी चार दिले’ अशी सुटी भर असेल तर ही रीत चालत नाही.

‘लीलावती’तलंच भुंग्यांचं गणितही तिला घाला, पण वेगळ्या कारणासाठी. भुंग्यांच्या थव्याचा १/५ कदंबाकडे गेला, १/३ शिलींध्राच्या फुलाकडे, त्या दोघांतल्या फरकाची तिप्पट कुटजाकडे, आणि एक भुंगा घिरट्या घालत राहिला. (हे मी सत्तरीत पहिल्यांदा घातलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, भुंगे कदंबाने गेले?’ आपल्याकडे कदंबा म्हणजे बस. पुढची पाच मिनिटं गणित झालं नाही.) या गणितात ‘उरलेल्यांपैकी’ कुठेच नाही. १/५ आणि १/३ दोन्ही थव्याचेच. म्हणून इथे पंधरा धरून ३, ५ आणि फरक २ ची तिप्पट ६ अशी सरळ बेरीज करायची: १४ गेले, एक राहिला, थवा पंधराचा. मालक एकच असेल तर बेरीज चालते. ‘बेरीज करायची नाही’ असा नियम मुलीला पाठ करून देऊ नका. उद्या ती इथे अडेल.

दोन्ही एकत्र आलेलं गणित हे खरं परीक्षेचं गणित. पगाराचा १/३ घरभाड्याला, १/४ किराण्याला जातो. उरलेल्याचा २/५ मुलांच्या शिक्षणाला. हातात ९००० रुपये राहतात. पगार किती? भाडं आणि किराणा दोन्ही पगाराचे, मालक एक, म्हणून मिळवा: ७/१२ गेले, ५/१२ राहिले. आता मालक बदलला. राहिलेल्याचे ३/५ उरले: ५/१२ गुणिले ३/५ म्हणजे १/४. पाव पगार ९०००, पूर्ण ३६०००. मुलीला वाक्यावाक्याखाली रेघ ओढायला सांगा: जिथे मालक बदलला तिथे उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला बेरीज, रेघ ओलांडताना गुणाकार.

शिकवणीत तिला ‘एकूण एक्स धर’ असं सांगितलं असेल. धरू दे, वाईट काही नाही. पण समीकरण तिला या चुकीपासून वाचवणार नाही. एक्स वजा एक्सचा १/३ लिहिल्यावर पुढे ती एक्सचेच २/५ वजा करणार, आणि पुन्हा ९०० वरच येणार. तिथे २/५ च्या पुढे कंसात ‘एक्स वजा एक्सचा १/३’ लिहायला हवं. तो कंस म्हणजेच ‘उरलेल्यांपैकी’. सातवीत मी समीकरण शेवटी आणायची, पट्टी आणि गोष्ट झाल्यावर. इतर शिक्षक उलट करतात. मला ते पटलेलं नाही.

शेवटचा आणि सगळ्यात खोडकर प्रकार सुट्या भरीचा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पाव घेऊन निघतो. पहिल्या वाड्यावर त्याने अर्धे पाव विकले आणि वर आणखी ४. दुसऱ्या वाड्यावर उरलेल्यांपैकी १/३ आणि वर आणखी ६. तिसऱ्या वाड्यावर उरलेल्यांपैकी अर्धे. टोपलीत १५ उरले. किती घेऊन निघाला होता?

इथे राहिलेल्यांचा एकच मोठा गुणाकार करता येत नाही, वाड्यांचा क्रमही बदलता येत नाही. पावलापावलाने उलटं यायचं. तिसऱ्या वाड्याआधी १५ ची दुप्पट, ३०. आता दुसरा वाडा. तिथे आधी १/३ दिले आणि मग ६ दिले. मागे येताना जे शेवटी झालं ते आधी सोडवायचं: ६ परत टोपलीत, ३६ झाले. हे ३६ म्हणजे २/३, म्हणून ५४. पहिल्या वाड्यावरही तसंच: ४ परत, ५८, ती अर्धी टोपली, म्हणून ११६. बूट घालताना आधी मोजे आणि मग बूट, काढताना आधी बूट; एवढंच आहे ते. मुलं इथे ३० चे आधी दीडपट ४५ करतात आणि मग ६ मिळवून ५१ म्हणतात. पुढे ५१ ची दुप्पट १०२, अधिक ४, १०६. ‘अर्ध्यापेक्षा ४ कमी विकले’ असं असेल तर मागे येताना ४ मिळवायचे नाहीत, वजा करायचे.

पोदेराचं गणित तिला आज देऊ नका. दोन दिवस ‘राहिलेला जोडीदार’, मग खाजं आणि पट्टी, मग पगार, आणि आठवड्याच्या शेवटी पोदेर. उत्तर ११६ आलं तरी तिला टोपली भरून तीन वाडे फिरवून आणा: ६२ विकले, ५४, २४ विकले, ३०, १५ विकले, १५. आणि तिने १०६ आणलं तर लगेच चूक म्हणून सांगू नका. तीच टोपली घेऊन निघू दे. पहिल्या वाड्यावर ५७ जातील, ४९ उरतील, आणि दुसऱ्या वाड्यावर ४९ चा तिसरा हिस्सा करताना तिला एक पाव तोडावा लागेल.